कमी आवाजाचा कूलर

४ मार्च २०१९, सोमवार

आज दोनदा. एकदा सकाळी चहाच्या वेळी, मग साडेअकराला. दुसरा मोठा होता. मांडणीवरचे डबे सरकून कडेला आले. आई बाहेर मांडवात होत्या, तिथूनच ओरडल्या — "नूतन, बाहेर ये! बाहेर ये आधी!" मी नाही गेले. जतीनच्या पलंगाचा दांडा धरून उभी राहिले. नवऱ्याला आत टाकून मी बाहेर जाऊन करू काय? तो तर उठू शकत नाही.

नोव्हेंबरपासून हे भूकंपाचे धक्के चाललेत. आशागडच्या पुढे आमच्या या पट्ट्यात सगळे आता अंगणात झोपतात. ज्यांना मिळाले ते सरकारी तंबूत, बाकीचे ताडपत्रीखाली. आईंनी तर डिसेंबरपासून घरात पाय ठेवलेला नाही. सासऱ्यांनी बांधलेलं घर — वीट-मातीच्या जाड भिंती, वर कौलं. पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय. आज त्यात माझं बोट पेरापर्यंत गेलं.

आणि वर हा उकाडा! मार्चच लागलाय आणि दुपारी खोली भट्टी होते. जतीनच्या पाठीखालची जखम पुन्हा ओली झाली. नर्सबाई म्हणाल्या, घामामुळे. "अंग कोरडं आणि थंड ठेवा, नाहीतर हाडापर्यंत जाईल." कौलारू घरात एसी टिकत नाही, आणि इथल्या विजेवर तर पंखाही रांगतो. कूलर घ्यायला हवा.

७ मार्च, गुरुवार

एक. दुपारी. छोटा.

१० मार्च, रविवार

मयुराचा फोन. नरपडला ओंकारमामाकडे आहे, दहावीचे पेपर चालू. मी म्हटलं कूलर घेतेय, तर अभ्यास सोडून तासभर मोबाइलवर शोधत बसली. मग मलाच धडा! "आई, कूलर सगळीकडे चालत नाही. हवा कोरडी लागते. मामाकडे लावला तर नुसतं चिकचिक होईल. तू आधी ओला टॉवेल वाळत घाल खोलीत. किती वेळात वाळतो बघ."

घातला. बाराला घातला, पाऊण वाजता खडखडीत. नरपडला समुद्रकाठी संध्याकाळपर्यंत ओलसर राहिला असता. समुद्र इथून फार लांब नाही, पण हवा अगदी वेगळी. दुपारी डोंगराकडून येते ती तोंड सुकवणारी.

ओंकार पुन्हा म्हणाला, "ताई, सगळे इकडे या." जतीन ऐकायला तयार नाही. मेहुण्याच्या घरी दोन खोल्यांत पडून राहायचं नाही म्हणतो. शिवाय चिकूच्या वाडीला पाणी कोण देणार? मी फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं का? त्याला हलवायचं म्हटलं की जखम फाटते. जानेवारीत चौघं मिळून उचलून मांडवात निजवत होतो, आठ दिवसांत पाठ सोलून निघाली. तेव्हापासून तो आतच, आणि मीही.

१३ मार्च, बुधवार

तलासरीला जाऊन आले. जतीनपाशी रूपीला बसवलं होतं. रूपी आणि लडक्या, आमच्या वाडीत काम करणारं जोडपं. हल्ली त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही.

दुकानदार हिरूभाई, संजाणकडचे. चांगला माणूस. "बेन, आधी खोली सांगा." सांगितलं — बारा बाय अकरा, उंची नऊ, एक खिडकी पश्चिमेला, दार पूर्वेला. लगेच खूश. "बस, तो काम झालं! कूलर खिडकीच्या बाहेर ठेवायचा, दार उघडं. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर गेली पाहिजे. खोली बंद करून आत ठेवाल ने, तर सगळी ओल खोलीतच. पेशंटला एकदम खराब."

तीन कूलर दाखवले. एक छोटा, तोंडावर वारा मारणारा. तो बाद. एक पांढरा प्लॅस्टिकचा, चाकांवरचा, आत पुठ्ठ्यासारख्या जाळ्या. आणि एक लोखंडी पत्र्याचा, कपाटाएवढा, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या. त्याची टाकी एवढी की एकदा भरली की दुपार निघते.

मी म्हटलं, तिन्ही चालू करा. केले. मी डोळे मिटून उभी राहिले. बाहेर हायवेवर ट्रक चालले होते, ते ऐकू येतात का बघत होते. प्लॅस्टिकच्यात थोडे आले. लोखंडी लावला तर काहीच नाही, हिरूभाई तोंड हलवत होते तेसुद्धा नाही!

ते हसले. "बेन, सगळे हवा बघतात, तुम्ही कान लावून काय ऐकता?"

सांगितलं कुठले आम्ही. सांगितलं की आधी जमिनीखालून आवाज येतो, लांबवर सुरुंग उडाल्यासारखा, आणि मग हलतं. मध्ये दोन-तीन श्वास मिळतात. तेवढ्यात जे करायचं ते. म्हणून सगळ्यात कमी आवाजाचा पाहिजे.

त्यांनी तिन्ही कूलर बंद केले.  मग म्हणाले, "पांढरा घेऊन जा. पण खरं सांगू? त्या खोलीला तो कमी पडेल."

१४ मार्च, गुरुवार

जतीनला लोखंडीच हवाय! पांढऱ्याचं नावही काढू देत नाही.

मी समजावलं. आवाजाचं सांगितलं. तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाला, "मोठाच आण." बस. पुढे काही नाही.

आम्ही नरपडच्या एकाच आळीतले, लहानपणापासून तू-मी. अहो-जाहो कधी जमलं नाही, आईंना ते अजून खटकतं. त्याचं मन मला न सांगता कळायचं. गेल्या सप्टेंबरात चिकूची फांदी तुटून पडला, कमरेखालचं सगळं गेलं, तेव्हापासून ते बंद झालंय. आता तो बोलतो ते फक्त शब्द.

२० मार्च, बुधवार. होळी

होळीला नैवेद्य दाखवून आले. या वर्षी पोरं ओरडली नाहीत. सगळे अर्धे कान जमिनीकडे लावून उभे.

परतताना रूपी म्हणाली, "नूतनबाय, जतीनभावाला आमच्याकडं आना. आमचा घर कुडाचा. हलतो, पन पडत नाही. पडला तरी काय — काठ्या न् माती. तुमचा घर जड हाय."

खरं आहे. डोळ्यांसमोर आहे. तिच्या घराला एक भेग नाही. शेणाने सारवलेल्या कारवीच्या भिंती, धक्का आला की टोपलीसारख्या डुलतात.

मी म्हटलं, "तुमच्याकडे लाइटचं काही खरं नाही, कूलर कसा चालणार?" ती "हां" म्हणाली. आईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मजुराच्या घरात? जतीनला?"

आईंचं सोडा. माझं कारण तरी कूलरचं होतं का? नव्हतं. इथे खोटं लिहून काय उपयोग! मलाच लाज वाटली — चार घरं काय म्हणतील.

२३ मार्च, शनिवार

आज कळलं.

दुपारी दोनला मी जतीनची पाठ पुसत होते. तो माझ्या आधी ताठ झाला. त्याच्या खांद्यात मला ते जाणवलं. मग आवाज. मग भिंतीतून माती सांडली, भुरभुर, थेट त्याच्या उशीवर. बाहेर सगळे धावले, भांडी आपटली, आई माझ्या नावाने ओरडत होत्या. त्याने माझं मनगट धरलं होतं, घट्ट. मग हळूहळू बोटं सोडली, एकेक करून, आणि म्हणाला, "जा."

थांबल्यावर मी विचारलं, इतका घाबरतोस तर मोठा कूलर कशाला हवा? त्यात काही ऐकू येणार नाही.

"तेच हवंय." खूप दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं त्याने. "तुम्हाला आवाज ऐकून पळता येतं. मला नुसतं ऐकू येतं, नूतन. दिवसभर तेच ऐकत असतो. गाडी गेली तरी तेच, माळ्यावर उंदीर पळाला तरी तेच. हललं की एक वेळ बरं वाटतं, झालं एकदाचं म्हणून. त्या आधीचे दोन श्वास — ते मला नकोत."

मी त्याच्या उशीवरची माती झटकली. 

२५ मार्च, सोमवार

लोखंडी आणला.

लडक्या आणि टेंपोवाल्याने उतरवला. खिडकीच्या बाहेर, स्वतःच्या स्टँडवर. भिंतीवर त्याचा भार नको म्हणून मी पट्टी घालून बघितलं, चार बोटं अंतर आहे. खिडकीच्या फटीत पत्रा आणि काथ्या कोंबला.

हिरूभाईंनी दिला खरा, पण देताना म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणून देतो."

३० मार्च, शनिवार

जतीन झोपला! दुपारी सलग साडेतीन तास. तोंड उघडं, घोरत होता. खोलीत गवताचा ओला वास. मी खाली चटईवर पडले आणि मलाही झोप लागली. किती दिवसांनी!

६ एप्रिल, शनिवार. पाडवा

गुढी उभारली. मांडवाच्या खांबालाच, कारण आई दाराशी येत नाहीत. श्रीखंड केलं. जतीनने दोनदा मागून घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, जखमेची कड सुकतेय.

तडा वाढलाय. रोज बघते, कोणाला सांगत नाही.

१५ एप्रिल, सोमवार



दुपारी कूलर चालू, जतीन झोपलेला, मी मेथी निवडत बसलेले. पाणी प्यायला म्हणून बाहेर आले तर अंगणात सगळे उभे! रूपी, लडक्या, शेजारची चार माणसं. आई खाली बसलेल्या, पदर तोंडात. माझ्याकडे असं बघत होते जसं मी कुठून परत आलेय.

"किती हाका मारल्या!" रूपी म्हणाली. "दोन बसले. पयला बारका, दुसरा मोठा. तुला काही कललाच नाही?"

नाही. थोडं हललं असेल, तर कूलरचंच वाटलं असेल. तो सतत थरथरतोच. आत जाऊन बघितलं, वरचं एक कौल सरकून आकाश दिसत होतं. बरोबर पलंगाच्या वर. आणि खाली जतीन घोरतोय.

आई म्हणाल्या, "ते धूड बंद कर. आजच्या आज."

१६ एप्रिल, मंगळवार

बंद ठेवला. दुपारभर जतीन छताकडे बघत पडलेला. घामाने चादर पिळून निघाली.  संध्याकाळी जखमेतून पुन्हा पाणी.

१७ एप्रिल, बुधवार

तोड काढली — आईंनीच!

सकाळी स्वतःहून म्हणाल्या, "त्याचं बटण बाहेर आणून दे माझ्याकडे. मी ऐकते. मला इथं बसून दुसरं काय काम आहे? आवाज आला की मी बंद करीन. बंद पडला की तू समज."

वायरमन बोलावला. मांडवाच्या खांबावर बोर्ड बसवला, आईंच्या खुर्चीला लागून. जेवणं झाली की त्या तिथे बसतात, बोट बटणाजवळ. वाती वळत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. बहात्तर वर्षांची बाई, दुपारच्या उन्हात, जमिनीचा आवाज ऐकत बसलेली.

आत मी कूलरचा आवाज ऐकत बसते. तो चालू आहे तोवर सगळं ठीक.

२० एप्रिल, शनिवार

एक आला. आईंनी बंद केला. मी जतीनवर ओणवी झाले, डोक्यावर उशी धरली. हललं, थांबलं. आईंनी परत चालू केला. जतीन झोपेतच होता! आईंचं नाव हिरकणी ठेवलंय ते उगाच नाही.

डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली. या वर्षी जाणं नाही. इथूनच हात जोडले.

२४ एप्रिल, बुधवार

कूलर बंद पडला. एकदम.

मला वाटलं, हा मोठाच असणार. का वाटलं, माहीत नाही. मी जतीनला चादरीसकट ओढलं. कुठून एवढं बळ आलं! पलंगावरून खाली, मग दाराकडे. त्याचं डोकं उंबऱ्याला आपटलं. तो ओरडतोय, "अगं काय करतेस! नूतन!" मी ओढतेच आहे. अंगणात आलो दोघं. चिकूच्या पानातून ऊन. कोंबड्या. काही हललं नाही.

आई खुर्चीत बसलेल्या, हात मांडीवर. "मी नाही बंद केला," म्हणाल्या. "वीज गेली."

आम्ही दोघं धुळीत पडलेलो. जतीन आधी हसायला लागला. मग मी. मग त्याचं हसणं बदललं आणि तो रडायला लागला. झाडावरून पडल्यापासून पहिल्यांदा. चादरीवर रक्त.

२९ एप्रिल, सोमवार

मत देऊन आले. रांगेतही तोच विषय, कुणाची भिंत, कुणाचं कौल. बोटाला शाई घेऊन पळत घरी.

जखम उघडली आहे. वास येतो. कूलर त्या वासासकट हवा दाराकडे लोटतो आणि बाहेर आईंना तो लागतो. आता त्या जेवत नाहीत.

३ मे, शुक्रवार

नर्सबाईंनी डहाणूला दाखवायला सांगितलं. सडलेला भाग कापावा लागेल. गुरुवारची वेळ मिळाली, सकाळी न्यायचं, संध्याकाळी सोडतील. जतीन चक्क तयार झाला. "चल," म्हणाला, "निदान एक दिवस न हलणाऱ्या जमिनीवर काढू."

५ मे, रविवार

तीन धक्के. आईंनी तिन्ही वेळा बरोबर.

८ मे, बुधवार

उद्या जायचं. लडक्या बरोबर येईल उचलायला. रूपी तिच्या बहिणीकडे वेवजीला जातेय, परवा येईल.

आईंकडे आज नीट बघितलं. पाय सुजलेत. मानेवर, पाठीवर घामोळ्यांचे चट्टे. त्यांना डोळा लागला आणि मान कलली, तर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली! मी धावले. म्हणाल्या, "झोप येते गं. सारखी झोप येते. पाच महिने पाठ नीट टेकलेली नाही." मी त्यांच्या पायांना तेल लावलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. पाय मागे घेतले नाहीत.

१४ मे, मंगळवार

आईंना शुक्रवारीच नरपडला नेलं. अंत्यविधीचं सगळं ओंकारने केलं. जतीनला दवाखान्यातून तसाच स्ट्रेचरवर आणला होता.

गुरुवारी दुपारी एकला आला म्हणतात, आजवरचा सगळ्यात मोठा. डहाणूला फळीवरच्या बाटल्या वाजल्या तेवढंच. पश्चिमेची भिंत आत पडली, मागून कौलं. शेजारचे धावले तेव्हा मातीच्या ढिगाबाहेर कूलर चालूच होता.

जतीन सारखं एकच विचारतो. "आई आत कशी गेली? डिसेंबरपासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. ती आत गेली कशाला, नूतन?"

त्या दिवशी जतीनला दारातल्या गाडीत आडवं निजवल्यावर मीच आईंना हाताला धरून आत नेलं. नको-नको म्हणत होत्या. मी पलंगावरची चादर बदलली, त्यांना निजवलं, टाकी भरली, कूलर लावला. म्हटलं, "आज आत कोणी नाही, आई. आज कोणासाठी ऐकायचं नाही. झोपा."

जतीनला म्हटलं, मला माहीत नाही.